मातीच्या ट्रॅकवरील मोटार शर्यती: टायरचे नियम आणि खर्चाचे अर्थशास्त्र

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील:
– मातीच्या ट्रॅकवरील शर्यतीत टायरवर इतका खर्च का होतो;
– प्रत्येक स्पर्धकाने शहाणपणाने घेतलेला निर्णय सर्वांच्या तोट्याचा कसा ठरतो;
– टायरच्या नियमांचे मुख्य प्रकार कोणते आणि त्यांची तपासणी कशी होते;
– एकाच कंपनीचा टायर सक्तीचा केल्यास कोणते फायदे-तोटे होतात.

१. पार्श्वभूमी

अमेरिकेत आयोवा, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या अनेक राज्यांतील लहान गावांजवळ मातीचे लंबवर्तुळाकार ट्रॅक आहेत. एका फेरीचे अंतर बहुधा पाव ते अर्धा मैल, म्हणजे सुमारे ४०० ते ८०० मीटर असते. ट्रॅकचा पृष्ठभाग चिकणमातीचा असतो. त्यावर पाणी मारून आणि दाबून तो तयार करतात. हंगामात आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री, येथे शर्यती होतात.

या शर्यती दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मोठ्या व्यावसायिक शर्यतींपेक्षा अगदी वेगळ्या आहेत. येथील बहुतेक चालक आठवडाभर शेती, गॅरेज, कारखाना किंवा नोकरी सांभाळतात. गाडी घरच्या शेडमध्ये तयार होते आणि मदतीला भाऊ, मुले, मित्र असतात. बक्षिसाच्या रकमेतून खर्च भरून निघेल अशी अपेक्षा फारसे कोणी ठेवत नाही. म्हणून येथे खर्चाचा प्रश्न थेट खेळाच्या अस्तित्वाशी जोडलेला आहे. खर्च वाढला की आधी पाच गाड्या येणे थांबते, मग दहा. गाड्या कमी झाल्या की प्रेक्षक कमी होतात, तिकिटांचे उत्पन्न घटते आणि शेवटी ट्रॅकच बंद पडतो. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांवर एकदाच मोठी रक्कम जाते. टायरचा खर्च मात्र दर आठवड्याला पुन्हा उभा राहतो, म्हणून नियमांची चर्चा फिरून फिरून टायरवरच येते.

२. टायरला इतके महत्त्व का?

गाडीचे इंजिन कितीही ताकदवान असले तरी ती ताकद जमिनीपर्यंत पोहोचते ती टायरच्या तळहाताएवढ्या भागांतून. मातीवर ही पकड मुळातच कमी असते. त्यामुळे टायरमधील लहानसा फरकही निकालावर मोठा परिणाम करतो. येथे तीन गोष्टी लक्षात घ्या.

(अ) रबराचे मिश्रण. टायरचा बाहेरचा थर रबर, कार्बन ब्लॅक, तेले, गंधक अशा घटकांच्या मिश्रणाचा असतो. या मिश्रणालाच शर्यतीच्या भाषेत ‘कंपाउंड’ म्हणतात. मऊ कंपाउंड जमिनीच्या बारीक खळग्यांत शिरते, म्हणून पकड चांगली मिळते. पण ते लवकर तापते आणि लवकर झिजते. कडक कंपाउंड जास्त टिकते, पण पकड कमी देते.

(आ) बदलता पृष्ठभाग. संध्याकाळी माती ओलसर आणि चिकट असते. गाड्या धावत जातात तशी ती कोरडी, घट्ट आणि गुळगुळीत होते. काही ठिकाणी तर त्यावर झिजलेल्या रबराचा काळा पट्टा चढतो. पहिल्या फेरीला योग्य असलेला टायर अंतिम फेरीला योग्य असेलच असे नाही. म्हणून पैसा असलेला चालक तीन-चार कंपाउंडचे टायर सोबत आणतो आणि ऐनवेळी निवड करतो.

(इ) परिघातील फरक. या शर्यतींत गाड्या नेहमी डावीकडेच वळतात. अनेक वर्गांत मागची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट जोडलेली असतात, त्यामुळे ती एकाच गतीने फिरतात. पण वळणावर उजव्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. यावर उपाय म्हणून उजवा टायर डाव्यापेक्षा मोठ्या परिघाचा घेतात. या फरकाला ‘स्टॅगर’ म्हणतात.

उदाहरण: वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि मागच्या दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर आहे असे समजू. उजव्या चाकाची त्रिज्या ३०.७५ मीटर आणि डाव्याची २९.२५ मीटर होईल. यांचे गुणोत्तर सुमारे १.०५१ येते. डाव्या टायरचा परीघ २२० सेंटिमीटर असेल, तर उजव्याचा सुमारे २३१ सेंटिमीटर हवा. फरक ११ सेंटिमीटर. प्रत्यक्षात गाडी सरळ भागातही धावते आणि वळणावर घसरत जाते, म्हणून चालक साधारणपणे याहून कमी फरक ठेवतात.

एकाच साच्यातून निघालेल्या टायरांच्या परिघातही थोडाफार फरक राहतो. त्यामुळे चालक टेप घेऊन टायर मोजतात आणि हवे तसे वेचून घेतात. ज्याच्याकडे वीस टायर आहेत त्याला मनासारखी जोडी मिळते. ज्याच्याकडे चारच आहेत त्याला आहे त्यावर भागवावे लागते.

३. खर्चाचे गणित

आता एक सोपे प्रतिमान पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत.

दोन चालक आहेत, अ आणि ब. दोघांचे कौशल्य आणि गाड्या समान आहेत. पहिले बक्षीस ५०० डॉलर, दुसरे ३०० डॉलर. दोघांचे टायर सारखे असतील तर कोणीही जिंकू शकतो, म्हणून प्रत्येकाची सरासरी कमाई ४०० डॉलर. आपण फक्त मागच्या उजव्या टायरचा विचार करू, कारण त्यावर सर्वाधिक ताण येतो. टायर मऊ असो वा कडक, किंमत १८० डॉलर. कडक टायर ६ रात्री टिकतो, म्हणजे एका रात्रीचा खर्च ३० डॉलर. मऊ टायर २ रात्री टिकतो, म्हणजे एका रात्रीचा खर्च ९० डॉलर. एकाने मऊ आणि दुसऱ्याने कडक टायर लावला, तर मऊवाला जिंकतो.

एका रात्रीची शिल्लक अशी:
– दोघांचे टायर कडक: प्रत्येकाला ४०० – ३० = ३७० डॉलर.
– अ चा मऊ, ब चा कडक: अ ला ५०० – ९० = ४१० डॉलर; ब ला ३०० – ३० = २७० डॉलर.
– अ चा कडक, ब चा मऊ: अ ला २७० डॉलर, ब ला ४१० डॉलर.
– दोघांचे टायर मऊ: प्रत्येकाला ४०० – ९० = ३१० डॉलर.

अ च्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ब ने कडक टायर लावला असेल, तर मऊ टायर लावून तुम्हाला ३७० ऐवजी ४१० मिळतात. ब ने मऊ लावला असेल, तर मऊ लावून २७० ऐवजी ३१० मिळतात. म्हणजे ब काहीही करो, तुमच्यासाठी मऊ टायरच फायद्याचा. ब सुद्धा हाच विचार करतो. परिणामी दोघेही मऊ टायर लावतात आणि दोघांच्या हाती ३१० डॉलर येतात. दोघांनी कडक टायर लावला असता तर ३७० मिळाले असते आणि जिंकण्याची शक्यता तेवढीच राहिली असती. रात्रीला ६० डॉलर, वीस रात्रींच्या हंगामाला १२०० डॉलर गेले, आणि कोणाचाही क्रमांक बदलला नाही.

अर्थशास्त्रात याला ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात. येथे कोणीही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाचा निर्णय स्वतःपुरता बरोबर आहे. म्हणून ‘चालकांनी उधळपट्टी करू नये’ असा उपदेश येथे निरुपयोगी ठरतो. एकट्याने काटकसर करणारा हरतो. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७३ मध्ये आइस हॉकीच्या शिरस्त्राणाचे उदाहरण देऊन हीच रचना दाखवली होती. शिरस्त्राण घातल्याने थोडे नुकसान होईल या भीतीने खेळाडू स्वतःहून ते घालत नाहीत; पण सर्वांना सक्ती असावी, या बाजूने तेच खेळाडू मत देऊ शकतात. टायरच्या नियमाचे मूळही येथेच आहे. नियम हा चालकांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला एक तिसरा माणूस नेमलेला आहे.

या प्रतिमानात आणखी एक धडा आहे. मऊ टायरचा जादा खर्च ६० डॉलर आहे, आणि त्यामुळे होणारा फायदा हा दोन बक्षिसांतील फरकाच्या निम्मा, म्हणजे १०० डॉलर आहे. बक्षिसांतील फरक १२० डॉलरपेक्षा कमी केला, तर मऊ टायर लावणे कोणालाच परवडणार नाही आणि पेच आपोआप सुटेल. मोठ्या बक्षिसाच्या विशेष शर्यतींना लोक नवे टायर का आणतात, हेही यावरून कळते.

४. नियमांचे मुख्य प्रकार

(१) रस्त्यावरचा टायर. सर्वांत खालच्या, नवशिक्यांच्या वर्गांत अनेक ठिकाणी फक्त सार्वजनिक रस्त्यासाठी मान्यता असलेला साधा टायर चालतो. तो कोणत्याही दुकानात, अगदी जुना सुद्धा, मिळतो. काही नियमांत झिजेच्या मानांकनाची किमान मर्यादाही असते. अमेरिकेत प्रवासी गाडीच्या टायरवर हे मानांकन छापलेले असते. आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकाऊ.

(२) एकच ठरलेला टायर. संघटना एक कंपनी, एक माप आणि एक किंवा दोनच कंपाउंड ठरवते. याचे ठळक उदाहरण म्हणजे इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन, संक्षेपाने ‘आयएमसीए’. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे कार्यालय आयोवा राज्यातील व्हिंटन या गावी आहे. १९७९ मध्ये सुरू झालेला तिचा ‘मॉडिफाइड’ वर्ग कमी खर्चाच्या कल्पनेवरच उभा राहिला. या वर्गाची ओळख बनलेला टायर हूजियर कंपनीचा जी-६०-१५ हा आहे. तो तुलनेने कडक आणि अरुंद असून आठ इंच रुंदीच्या चाकावर बसतो. पकडच मर्यादित असल्यामुळे महागड्या इंजिनाची जादा ताकद जमिनीवर उतरतच नाही. चाक नुसते जागेवर फिरते. म्हणजे टायरचा नियम इंजिनावरील खर्चालाही लगाम घालतो. या शर्यतींतील नियमरचनेचा हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे.

(३) संख्येवर मर्यादा. एका रात्री किंवा एका स्पर्धेत किती टायर वापरायचे हे ठरवून टायरांवर खूण किंवा क्रमांक टाकतात. यामुळे परिघासाठी वीस टायर वेचणाऱ्याचा फायदा कमी होतो.

(४) कडकपणाची किमान मर्यादा. कंपनी कोणतीही असो, मोजमापात टायर ठरावीक आकड्यापेक्षा मऊ भरता कामा नये.

(५) कापण्या-घासण्यावर बंधन. तापलेल्या पात्याने टायरवर जादा खाचा पाडणे, बारीक चिरा देणे किंवा वरचा थर घासणे यामुळे टायर लवकर तापतो व पकड वाढते. काही वर्गांत यास परवानगी असते, काहींत नसते. बंदीमुळे वेळ वाचतो. परवानगीमुळे जुन्या टायरला नवी धार आणून तो आणखी एक रात्र वापरता येतो. ‘बंदी म्हणजे बचत’ हे समीकरण नेहमीच खरे नसते, हे येथे ध्यानात ठेवा.

५. तपासणी: नियमाची खरी कसोटी

ट्रॅकवरचा तपासनीस बहुधा एक-दोन माणसे, थोडा वेळ आणि साधी उपकरणे एवढ्यावर काम करतो. म्हणून कोणताही नियम वाचताना पहिला प्रश्न विचारा: हे शनिवारी रात्री, दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत तपासता येईल का?

कडकपणा मोजण्याच्या उपकरणाला ड्युरोमीटर म्हणतात. त्याची स्प्रिंगवर बसवलेली बोथट सुई रबरात दाबतात. सुई जितकी आत जाते तितका आकडा कमी येतो. टायरसाठी ० ते १०० अशी ‘शोर ए’ मोजपट्टी वापरतात. उपकरण हातात मावते आणि क्षणात आकडा देते. पण रबर तापले की मऊ होते. शर्यत संपताच मोजलेला टायर आणि थंड झाल्यावर मोजलेला तोच टायर वेगवेगळे आकडे देतात. म्हणून नियमात आकड्यासोबत ‘केव्हा मोजायचे’ हेही लिहिलेले असावे लागते.

याहून अवघड प्रश्न रसायनांचा आहे. टायरला आतून-बाहेरून विद्रावक चोळून किंवा त्यात भिजवून रबर मऊ करतात. शर्यतीच्या भाषेत याला टायर ‘सोक’ करणे म्हणतात. ठरलेला टायर सर्वांना सारखा असला, की फायदा मिळवण्याची ही चोरवाट अधिकच मोहक होते. यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांत टोल्युइन, झायलीन यांसारखी पेट्रोलियमजन्य विद्रावकेही असतात. त्यांची वाफ श्वासावाटे मेंदू व चेतासंस्थेवर परिणाम करते, त्वचेतूनही काही अंश शरीरात जातो, आणि ती ज्वालाग्राही असते. हे काम बंद शेडमध्ये होते आणि तेथे घरातली मुलेही असतात. म्हणून या नियमामागे निष्पक्षतेइतकेच आरोग्याचेही कारण आहे.

सोक केलेला टायर पकडण्यासाठी त्याचा लहानसा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतींनी त्यातील द्रव्ये वेगळी करून ओळखतात आणि कंपनीकडून आलेल्या मूळ नमुन्याशी ताडून पाहतात. ही चाचणी खात्रीची आहे, पण निकालाला वेळ लागतो आणि पैसेही लागतात. बक्षीस वाटून झाल्यावर आलेला निकाल नवे वाद निर्माण करतो. ट्रॅकवर सांडलेले तेल टायरला लागले असेल, असा बचावही केला जातो. त्यामुळे सर्वांचे नमुने न घेता मोजक्यांचेच घ्यायचे आणि शिक्षा मात्र कडक ठेवायची, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. पकडले जाण्याची शक्यता कमी असेल, तर दंड मोठा हवा, हे साधे सूत्र येथे लागू पडते.

६. एकच पुरवठादार: स्पर्धा की मक्तेदारी?

एकच टायर ठरवला की तो विकणारी कंपनीही एकच उरते. मग ती किंमत वाढवणार नाही कशावरून? हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे.

हूजियर रेसिंग टायर ही शर्यतीच्या टायरांची कंपनी १९५७ मध्ये इंडियाना राज्यात सुरू झाली. २०१६ मध्ये ती जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने विकत घेतली. ‘अमेरिकन रेसर’ या नावाचे प्रतिस्पर्धी टायर बनवणारी स्पेशालिटी टायर्स ऑफ अमेरिका ही कंपनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील आहे. तिच्या गावाचे नावही इंडियानाच, तेव्हा गोंधळू नका. तिच्या रेस टायर्स अमेरिका या विभागाने हूजियर आणि शर्यतींची आयोजक संस्था डर्ट मोटरस्पोर्ट्स यांच्यावर खटला भरला. ‘एकच टायर’ हा नियम आणि त्यासोबतचे पुरवठ्याचे करार स्पर्धाविरोधी आहेत, असा दावा होता.

२०१० मध्ये अमेरिकेच्या तिसऱ्या सर्किट अपील न्यायालयाने हा दावा फेटाळणारा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. युक्तिवादाचा गाभा असा: खेळाची साधने ठरवण्याचे बरेच स्वातंत्र्य क्रीडा संघटनेला असले पाहिजे, येथे संघटनांनी कोणाच्या दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या कारणांसाठी नियम केला, आणि करार मिळवण्यासाठी दोन्ही कंपन्यांना बोली लावता येत होती. दुसऱ्या शब्दांत, स्पर्धा संपली नव्हती. ती ट्रॅकवरून उठून कराराच्या टेबलावर गेली होती. वाणिज्य आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी याची तुलना भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ मधील एकमेव पुरवठ्याच्या करारांच्या तरतुदींशी करून पाहावी. तेथेही असा करार आपोआप बेकायदा ठरत नाही. त्याचा स्पर्धेवर किती विपरीत परिणाम झाला, हे तपासावे लागते.

कायदेशीर असणे आणि जोखीम नसणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ च्या हंगामात अमेरिकेत शर्यतीच्या टायरांचा तुटवडा पडला. ज्या वर्गांत एकच टायर सक्तीचा होता, तेथे चालकांना दुसरीकडे वळण्याची मुभाच नव्हती. अशा वेळी आयोजकांना नियम शिथिल करणे, टायर वाटून देणे किंवा जुने टायर चालवू देणे असेच मार्ग उरतात. म्हणून जाणकार आयोजक करारातच किंमत किती काळ स्थिर राहील, किती टायर पुरवले जातील आणि पुरवठा थांबल्यास पर्याय कोणता, हे लिहून घेतो.

७. खर्च नाहीसा होतो की सरकतो?

टायर बांधला की पैसा दुसरी वाट शोधतो. मऊ टायर मिळत नाही म्हणून चालक महागडे शॉक अब्सॉर्बर घेतो, चाकांवरील भार बारकाईने मोजतो, सरावाला जास्त वेळा जातो. म्हणून नियमाने एकूण खर्च किती कमी झाला, हे केवळ टायरच्या बिलावरून ठरवू नका. तरीही दोन्ही खर्चांत फरक आहे. झिजलेला टायर कचऱ्यात जातो; गाडीच्या जुळणीविषयी मिळवलेले ज्ञान चालकाजवळ राहते आणि मित्रालाही देता येते. खर्च पूर्ण थांबला नाही, पण पैशाऐवजी मेहनतीने भरून काढता येईल अशा जागी तो वळला, तरी कमी उत्पन्नाच्या चालकासाठी नियम यशस्वी झाला असे म्हणता येईल.

नियम वारंवार बदलणे हाही एक खर्चच आहे. घरी रचून ठेवलेले आठ टायर पुढच्या हंगामात बाद ठरले, तर बचतीसाठी केलेला नियमच चालकाला महागात पडतो. म्हणून बदल आधी जाहीर करणे आणि जुना साठा संपवायला मुदत देणे हा चांगल्या नियमाचा भाग मानावा.

८. सारांश

– मातीच्या ट्रॅकवर टायरचा फरक निकालात थेट दिसतो आणि त्याचा खर्च दर आठवड्याला होतो.
– एकट्याची काटकसर टिकत नाही. सर्वांना बांधणारा नियम लागतो.
– जो नियम स्वस्तात व लवकर तपासता येत नाही, तो प्रामाणिक चालकालाच शिक्षा देतो.
– एकच टायर ठरवल्याने चालकांतील चढाओढ कमी होते, पण पुरवठादारावरील अवलंबित्व वाढते.
– चांगला नियम एकूण खर्च, आरोग्य, पुरवठा आणि स्थैर्य या चारही गोष्टींचा विचार करतो.

९. स्वाध्याय

१. विभाग ३ मधील प्रतिमानात मऊ टायर २ ऐवजी ३ रात्री टिकतो असे धरा. चारही शक्यतांची शिल्लक काढा. बक्षिसांतील फरक किती डॉलरपेक्षा कमी असल्यास पेच सुटेल?
२. वळणाची त्रिज्या ३० ऐवजी ६० मीटर असेल, तर स्टॅगर वाढेल की घटेल? आकडेमोड करून दाखवा.
३. ‘ड्युरोमीटरचा आकडा ५० पेक्षा कमी नसावा’ हा नियम अपुरा का आहे? तो पूर्ण करून लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखादी परिस्थिती निवडा, जिथे प्रत्येकजण इतरांच्या भीतीने खर्च करतो आणि शेवटी कोणीच पुढे जात नाही. त्यासाठी असा नियम सुचवा, जो कमी खर्चात तपासता येईल.